मुलांच्या मनाचं काम कोणाचं?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचा तपास सीबीआयकडे सोपवताना दिलेला हा निकाल. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असलाच पाहिजे आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवले पाहिजेत, असं त्यात म्हटलं आहे. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक राहतील. निकाल मोठा आहे आणि अपुराही आहे. ‘एक माणूस नेमा’ असं सांगितलं की नेमणूकपत्र निघतं. पण त्या माणसानं शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत काय करायचं, कोणाला उत्तर द्यायचं आणि स्वतः अडला तर कोणाला विचारायचं, हे नेमणूकपत्रातून ठरत नाही. मुलांच्या आणि किशोरांच्या मानसिक आरोग्यावरचे आपल्याकडचे नि बाहेरचे अभ्यास ओळीनं वाचले, तर माझं मत असं बनतं की आपल्या व्यवस्थेचं यशापयश याच तीन गोष्टींवर ठरणार आहे: त्या माणसाला मुलांसाठी मिळणारा मोकळा वेळ, शिक्षकांपासून वेगळं असं त्याचं स्थान आणि त्याच्या पाठीशी असणारा जाणता सल्लागार. नेमणुकांचे आकडे त्यानंतर येतात.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. बंगळूरच्या निमहान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचं आढळलं. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण चार मुलांच्या आसपास जातं. सर्वेक्षणासाठी निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपण आपल्या मुलांबद्दल बोलताना इतर राज्यांचे आकडे उसने घेतो, ही खटकणारी गोष्ट आहे. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत, असंही तेच सर्वेक्षण सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आयुष्यभरात होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे पस्तिशीत डॉक्टरांपुढे बसलेल्या अनेकांचं दुखणं सातवी-आठवीच्या बाकावर सुरू झालेलं असतं आणि मधली वीस वर्षं ते कोणी पाहिलेलं नसतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवलं. राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर होता.

या आकड्यांमागचं प्रत्यक्ष काम मोठ्या माणसांवरच्या उपचारांहून मुळातच वेगळं असतं. मोठा माणूस आपल्या पायांनी येतो, आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगतो. मूल आणलं जातं, आणि तक्रार दुसऱ्याच कोणाची तरी असते. ‘अभ्यासात लक्षच नाही’, ‘फार हट्टी झालाय’, ‘मोबाइल सोडत नाही’, ‘उलट बोलते’ ही आईवडिलांची किंवा शाळेची वाक्यं झाली. मुलाचं स्वतःचं वाक्य बहुतेकदा शरीरातून येतं: सकाळी शाळेच्या वेळी पोट दुखतं, डोकं ठणकतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळून जातात. किशोरवयीन मुलं ‘टेन्शन’ आणि ‘कंटाळा’ या दोन शब्दांत परीक्षेच्या भीतीपासून घरातल्या मारहाणीपर्यंत सगळं कोंबतात. खेड्यात त्याच दुखण्याला ‘नजर’ किंवा ‘बाहेरचं’ म्हटलं जातं आणि पहिली फेरी अंगारा-धुपाऱ्याकडे होते. शहरात ती बालरोगतज्ज्ञाकडे होते आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. तेव्हा या क्षेत्रात काम करणाऱ्याचं पहिलं कौशल्य आजाराचं नाव ठेवण्यात नाही. आलेली तक्रार कोणाची, त्यातलं दुखणं कोणाचं आणि बदल कुठे व्हायला हवा, हे वेगळं करता आलं पाहिजे. ज्या घरात वडील रोज पिऊन येतात, तिथल्या दहा वर्षांच्या मुलाचं चित्त वर्गात लागत नसेल, तर त्याला अतिचंचलतेचं लेबल लावणं ही केवळ चूक ठरत नाही, अन्याय ठरतो. आणि खरोखरच अतिचंचल असलेल्या मुलाला वर्षानुवर्षं ‘वात्रट’ म्हणून बडवणं हाही तेवढाच अन्याय आहे.

हा फरक ओळखायची साधनं आपल्याकडे आहेत, पण ती जुनी झाली आहेत. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात बिने यांच्या चाचणीचं रूपांतर करून मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली. नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रातल्या आर्थर मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप १९६९ साली प्रसिद्ध केलं. दोन्ही कामं आपापल्या काळात मोठ्या तोलाची होती आणि दोन्हींचा संबंध या मातीशी आहे. पण त्या चाचण्यांची प्रमाणकं त्या काळच्या मुलांवर ठरलेली आहेत आणि आजही अनेक ठिकाणी त्यांच्याच आधारे मुलाचा आकडा काढला जातो. शिवाय घरात गोंडी, भिली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची परीक्षा प्रमाण मराठीत घेतली, तर कमी आलेल्या गुणांत बुद्धी किती आणि भाषा किती, हे आकडा सांगत नाही. महाराष्ट्रानं एक पाऊल मात्र देशाच्या पुढे टाकलं होतं: १९९६ पासून अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेपर्यंत सवलती मिळू लागल्या, मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या केंद्रानं त्या कामाला वैद्यकीय बैठक दिली आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या अक्षमतेला देशभर मान्यता दिली. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर ढकललेल्या कितीतरी मुलांना त्यामुळे लेखनिक मिळाला, जास्तीचा वेळ मिळाला. तरी प्रमाणपत्र हे कामाचं निम्मंच अंग आहे. त्या मुलाला वाचायला शिकवण्याची खास पद्धत आणि ती वापरणारा शिक्षक शाळेत नसेल, तर सवलत परीक्षेपुरती उरते आणि वर्षातले बाकीचे दिवस मूल पूर्वीसारखंच एकटं बसतं.

हे काम एकट्यादुकट्याचं नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी उमगलं होतं. मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाशी जोडलेलं देशातलं पहिलं बाल मार्गदर्शन केंद्र १९३७ साली सुरू झालं. डॉक्टर मुलाला तपासणार, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेणार आणि समाजकार्यकर्ता घरी-शाळेत जाऊन परिस्थिती पाहणार, अशी तिघांच्या जोडकामाची कल्पना त्या चळवळीच्या मुळाशी होती. पुढे पुण्यात ज्ञान प्रबोधिनीनं शिक्षणाला मानसशास्त्राची जोड दिली, ठाण्यात १९९० पासून आयपीएच या संस्थेनं मनआरोग्याचा विषय मराठीतून घराघरांत नेला. म्हणून ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ हा आक्षेप इतिहासापुढे टिकत नाही. टिकतो तो दुसरा प्रश्न: नव्वद वर्षांत ही कल्पना मोजक्या शहरांपलीकडे का गेली नाही?

तज्ज्ञ कमी आहेत, हे त्याचं नेहमीचं उत्तर. ते खरं आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या सुमारास देशात लाख लोकांमागे जेमतेम ०.७५ मनोविकारतज्ज्ञ होते, आणि मुलांचे म्हणून खास प्रशिक्षण घेतलेले त्यांत अगदी थोडे. पण दुसरं कारण कमी बोललं जातं: मूल अनेक खात्यांच्या मधल्या फटीत पडतं. ० ते १८ वर्षांच्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात मानसिक आरोग्य हा एक मुख्य विषय आहे आणि आपल्याकडे त्याची ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा आहे. हे सगळं आरोग्य खात्याचं. शाळा शिक्षण खात्याची, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाची, बालगृह महिला व बालविकास विभागाचं, अनेक वसतिगृहं सामाजिक न्याय विभागाची. बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी वर्षातले काही महिने हंगामी वसतिगृहात, नाहीतर थेट फडावर असते. तिची झोप उडाली, ती बोलेनाशी झाली, तर कोणत्या खात्यानं पहिली हाक ऐकायची, याचं उत्तर कोणत्याच फायलीत सापडत नाही. जिल्हा रुग्णालयातला मनोविकारतज्ज्ञ कितीही तळमळीचा असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचायला एका पालकाची एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं लागतं. दर आठवड्याला उपचारासाठी या, असं त्या पालकाला सांगण्यात अर्थ नाही. म्हणून काम मुलं जिथे आहेत तिथे, म्हणजे शाळेत आणि वसतिगृहात न्यावं लागतं.

शाळेत नेऊन काय साधतं, याचा सगळ्यात ठोस पुरावा बिहारमधून आला आहे. गोव्यात १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेनं नालंदा जिल्ह्यातल्या ७४ माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा प्रयोग केला. तो २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एका गटात बाहेरून आलेला, खास प्रशिक्षण दिलेला पण मानसशास्त्राची मोठी पदवी नसलेला समुपदेशक नेमला. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच एका शिक्षकाला प्रशिक्षण देऊन सोपवलं. तिसऱ्यात सरकारचा नेहमीचा किशोर शिक्षणाचा कार्यक्रम तेवढा चालू ठेवला. काम साधं होतं: मुलांना मनातलं लिहून टाकायला पेटी, भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे गट, शिक्षकांसोबत शिक्षा आणि दादागिरी यांबद्दल चर्चा आणि ज्याला गरज वाटेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं. आठ महिन्यांनी पहिल्या गटातल्या शाळांचं वातावरण स्पष्टपणे सुधारलं होतं. दादागिरी, हिंसा आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली होती. पुढच्या वर्षी हा फरक आणखी वाढल्याचं दिसलं. शिक्षकांच्या गटात मात्र तिसऱ्या गटापेक्षा काहीच फरक पडला नाही. कार्यक्रम तोच, प्रशिक्षणही झालेलं, तरी फळ नाही. माझ्या मते या विषयातल्या धोरणाची सुरुवात या निष्कर्षापासून व्हायला हवी.

शिक्षकांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. गणिताच्या ज्या बाईंच्या हातात मुलाचे गुण आहेत, त्यांनाच त्यानं ‘मला घरी मार बसतो’ किंवा ‘मला जगावंसं वाटत नाही’ हे सांगावं, अशी अपेक्षा करणं मुलावरही अन्याय आहे आणि बाईंवरही. शिवाय आपल्याकडच्या शिक्षकाच्या डोक्यावर जनगणना, निवडणूक, पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा बोजा आधीच आहे. त्यावर आणखी एक ‘नोडल’ जबाबदारी टाकली की ती कागदावरच पार पडते. ‘पैसे नाहीत, म्हणून शिक्षकांनाच पाच दिवसांचं प्रशिक्षण द्या’ हा युक्तिवाद काटकसरीचा वाटतो. नालंदाचा अनुभव सांगतो की तो खर्च वाया जातो. शिक्षकांनी दुखणं ओळखावं, मुलाला न हिणवता योग्य माणसाकडे पाठवावं, एवढं त्यांच्याकडून जरूर मागावं, आणि त्यासाठीचं प्रशिक्षण द्यावंच.

तज्ज्ञ मंडळींचा आक्षेप नेमका उलट बाजूनं येतो: पदवी नसलेल्या माणसाच्या हाती मुलाचं मन द्यायचं का? आक्षेप गंभीर आहे. आज आपल्याकडे काही आठवड्यांचा अभ्यासक्रम करून कोणीही दारावर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावू शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. समुपदेशकाला वर्षानुवर्षं अशी कोणतीच चौकट नव्हती आणि २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा ती आता कुठे घालू पाहतो आहे. पण ‘सेहर’मधला समुपदेशक एकटा सोडलेला नव्हता. त्याला ठरावीक पद्धत दिली होती, त्याच्या कामावर नियमित देखरेख होती आणि कोणतं मूल आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे ओळखायला शिकवलं होतं. त्याच संस्थेनं दिल्लीच्या सरकारी शाळांत अडीचशे विद्यार्थ्यांवर केलेल्या पुढच्या प्रयोगात अशा समुपदेशकांनी समस्या सोडवण्याची पद्धत शिकवली, तेव्हा मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी काहीशा हलक्या झाल्या, मात्र एकूण लक्षणांच्या मोजमापात सुरुवातीला फरक दिसला नाही. म्हणजे अशा कामाला मर्यादा आहे, आणि ती ठाऊक असणं ही समुपदेशकाची योग्यताच म्हणायची. खोल नैराश्यात गेलेल्या मुलाला गोळीचीही गरज पडू शकते: अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध आणि विचार-वर्तन उपचार एकत्र दिल्यावर ७१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या औषधानं ६१, नुसत्या बोलण्याच्या उपचारानं ४३ आणि औषध नसलेल्या गोळीनं ३५. त्याच वर्षी तिथल्या औषध नियामकानं या औषधांमुळे काही मुलांत आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशाराही सक्तीचा केला. गोळी हवी की नको, हे ठरवायला आणि सुरू केल्यावर मुलावर लक्ष ठेवायला डॉक्टरच लागतो. शाळेतल्या समुपदेशकापासून त्या डॉक्टरपर्यंतची वाट एका फोनची असावी, महिन्याभराच्या नंबराची नको.

आणखी एक आक्षेप घराघरांत ऐकू येतो: आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं? मुलांना नाजूक करून ठेवलंय; साध्या दुःखालाही आता आजार म्हणतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्याला संशोधनाचा थोडा आधार आहे. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना वर्गातच सजगतेचे धडे दिले गेले. २०२२ साली निकाल आले तेव्हा नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा काही जास्त उपयोग झालेला दिसला नाही. सगळ्यांना सरसकट आपल्या भावना न्याहाळायला लावल्यानं काही मुलं साध्या खिन्नतेलाही आजार समजू लागतील, अशी शंका तिथल्या संशोधकांनीच मांडली आहे. ती मला पटते. म्हणूनच ‘मनआरोग्याचा तास’ वेळापत्रकात घालून हात झटकण्याला माझा विरोध आहे. पण यावरून गरजू मुलाला मदत नको, असा निष्कर्ष निघत नाही. मुलांवरच्या मानसोपचारांच्या पन्नास वर्षांतल्या ४४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली आला: ठरवून, नेमक्या त्रासावर केलेल्या उपचारांचा उपयोग होतो, चिंतेवर सर्वाधिक, नैराश्यावर बराच कमी आणि ज्यांच्या मागे एकाच वेळी अनेक समस्या लागल्या आहेत त्यांच्यावर सगळ्यात कमी. आपल्या सरकारी शाळांत आणि आश्रमशाळांत येणारी कितीतरी गरजू मुलं या शेवटच्या गटातली आहेत. त्यांच्यासाठी खोलीतलं बोलणं पुरत नाही. घर, शाळा, पैसा, प्रवास या सगळ्यांत कोणीतरी हात घालावा लागतो. आणि पूर्वीच्या पिढ्यांनी सगळं निभावलं असं म्हणताना, ज्यांना निभावता आलं नाही ते हे सांगायला आज आपल्यात नाहीत, एवढं तरी लक्षात ठेवावं.

मुलानं विश्वासानं सांगितलेलं कितपत गुप्त ठेवायचं, या प्रश्नावर काम करणाऱ्याचा रोज कस लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अल्पवयीनाला रुग्णालयात दाखल करणं हा अपवाद मानला आहे: दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं, मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं, पालक सोबत असावा, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवावं. दुसरीकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर कोणीही ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. हा नियम घरातल्या अत्याचारातून कितीतरी मुलांना वाचवू शकतो, त्याला माझा पाठिंबाच आहे. पण सतरा वर्षांची मुलगी आपल्याच वयाच्या मित्राबद्दल बोलू पाहते, तेव्हा तोच नियम तिचं तोंड बंद करतो. गर्भपातासाठी आलेल्या अशा मुलीची ओळख पोलिसांना दिलेल्या माहितीत उघड करण्याची डॉक्टरला गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केलं. समुपदेशनाच्या खोलीसाठी अशी स्पष्टता अजून हवी आहे. तोवर एकच प्रामाणिक मार्ग उरतो: पहिल्याच भेटीत मुलाला त्याच्या भाषेत सांगायचं, की कोणत्या गोष्टी इथेच राहतील आणि कोणत्या मला सांगाव्याच लागतील. पालकांनाही तेच सांगायचं. ‘आमच्या मुलानं काय सांगितलं?’ या आईच्या प्रश्नात काळजी असते, ती दुखावता कामा नये. पण तिला सगळं सांगितलं तर पुढच्या वेळी मूल काहीच सांगणार नाही.

शेवटी काम करणाऱ्याची अवस्था. अकरा महिन्यांचा करार, तीन-चार शाळांत वाटलेले दिवस, बसायला प्रयोगशाळेचा किंवा ग्रंथालयाचा कोपरा, रिकामा दिसला की बदली तास, आणि परीक्षेच्या तोंडावर एकदम आलेली आठवण. कारण दहावी-बारावीच्या वेळी परीक्षा मंडळ समुपदेशकांचे क्रमांक जाहीर करतं आणि निकाल लागला की तो विषय मिटतो. दारामागे बोललेलं ऐकू जात असेल, तर कोणतं मूल बोलेल? आठवड्यातून एकदाही कोणा अनुभवी व्यक्तीपुढे आपल्या अवघड केस मांडता येत नसतील, तर कोणता समुपदेशक चांगला राहील? न्यायालयाची सूचना पाळल्याचं दाखवण्यासाठी नाव लिहिलेली पाटी पुरते. त्या पाटीमागे माणूस पूर्णवेळ असावा, त्याला दार लावता येईल अशी खोली असावी, अध्यापन आणि कार्यालयीन कामांतून त्याची लेखी मोकळीक असावी आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यांच्यावर देखरेख करणारा तज्ज्ञ नेमलेला असावा, ही मागणी सरकारकडे जितकी करायची तितकीच संस्थाचालकांकडेही करायला हवी. ती पालकांनी केल्याशिवाय होणार नाही. आपल्या मुलाच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची पुढची सभा असेल तेव्हा निकालाच्या टक्क्यांआधी विचारा: आपला समुपदेशक कोण, तो आठवड्यातले किती तास फक्त मुलांना देतो, आणि तो अडला तर कोणाला फोन करतो? आणि मूल आज, आत्ताच त्रासात असेल, तर सभेची वाट पाहू नका. १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येतं.